चार भोकांसाठी

२ मार्च

ही वही झाम्फिराची. पहिल्या पानांवर तिने दर महिन्याचे पाण्याच्या मीटरचे आकडे लिहिले आहेत, स्वयंपाकघराचे वेगळे, न्हाणीघराचे वेगळे. तिचा शेवटचा आकडा नोव्हेंबरचा. डिसेंबरचा मी लिहिला आणि तो चुकला. पुढची पानं कोरी आहेत. कोरी पानं टाकून देणं तिला आवडलं नसतं.

काल सवयीने कोपऱ्यावरच्या बाईकडून मार्तिशोर घेतलं. एक मार्चला बायकोला लाल-पांढरा दोरा द्यायचा, तो एकतीस वर्षं देत आलो. जिना चढताना आठवलं. ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

आज बाल्कनीच्या कपाटात बटाट्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी सापडली. रंधा मारलेली, दोनदा व्हार्निश दिलेली. सोबत लोखंडाचे दोन ब्रॅकेट, स्क्रू आणि भिंतीत ठोकायचे प्लग एका पिशवीत. वर्तमानपत्र नोव्हेंबरचं आहे. म्हणजे ही फळी स्वयंपाकघरातल्या जुन्या फळीच्या जागी लावायची होती. जुनी तिने त्याच महिन्यात काढली. लाकूड खराब झालंय म्हणाली होती. मला तर ठीक वाटलं होतं.

भिंतीवर, कोपऱ्यातल्या बाकाच्या वर, तिने सुताराच्या चपट्या पेन्सिलीने मारलेल्या चार फुल्या आहेत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मी त्या रोज पाहत होतो. कशासाठी आहेत हे आज कळलं. ब्रॅकेट धरून पाहिले, भोकं फुल्यांवर बरोबर बसतात.

फक्त भोकं पाडायची राहिली आहेत.

५ मार्च

फुल्या पुसट होत आहेत. शेजारीच शेगडी आहे, वाफ सगळी त्याच भिंतीवर जाते. खालची डावी आज दिव्याखालीच दिसली. पेन्सिलीने पुन्हा ओढावी असं वाटलं, पण माझा हात सरकला तर ती फुली माझी होईल. तशीच ठेवली. तोपर्यंत चहा-सूप न्हाणीघराजवळच्या छोट्या विजेच्या शेगडीवर करीन.

आमच्या इमारतीच्या भिंती ओतीव काँक्रीटच्या आहेत. खिळा वाकतो, हातोडी उलटी येते. हॅमर ड्रिलशिवाय काही होत नाही, आणि ते माझ्याकडे नाही. ते मी देऊन टाकलं.

हे लिहून ठेवायला हवं. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिच्या वस्तूंची पोमाना दिली. इथे जे दुसऱ्याच्या हातात द्यावं ते तिकडे तिच्या हाताला मिळतं, असं आपली माणसं मानतात. मी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, मी काही मानत नाही. कोट दिला, बूट दिले, चादरी दिल्या, ताटल्या दिल्या. पाद्री जेवून गेल्यावर कपाटात तिच्या ड्रिलची निळी पेटी दिसली. मला वाटलं, कोटाचं तिला तिकडे काय होणार. ती वीस वर्षं पोलाद कारखान्यात क्रेन चालवायची, बर्फातसुद्धा बाह्या वर करून. पण ड्रिलशिवाय ती कुठेही दोन दिवस राहणार नाही. पेटीच्या मुठीला टॉवेल आणि मेणबत्ती बांधली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोरिनेलला दिली. तो गोदीत वेल्डर आहे, माझाच विद्यार्थी. रसायनशास्त्रात मी त्याला नापास केलं होतं. त्याने दोन्ही हातांनी पेटी घेतली आणि म्हणायचं ते म्हणाला, देव काकूला क्षमा करो.

दिलेलं परत मागत नाहीत. तासाभरासाठीही नाही.

६ मार्च

जिन्यात दोरिनेल भेटला. बाकाच्या भिंतीचं माझ्या तोंडून निघून गेलं. संध्याकाळी तो निळी पेटी घेऊन दारात उभा राहिला. मेणबत्ती अजून मुठीला बांधलेलीच होती. त्याने ती पेटी एकदाही उघडली नसावी. मशीन कदाचित बिघडलं असेल आणि त्याला सांगायला संकोच वाटत असेल.

मी नको म्हटलं.

"सर, चार भोकं आहेत. मी पाडून देतो, दहा मिनिटांत खाली जातो."

मी म्हटलं की ते आता तिचं आहे.

"तुम्हीच आम्हाला शिकवलंत की वस्तू एका वेळी दोन ठिकाणी नसते."

"तू नापास झाला होतास," मी म्हटलं.

तो हसला, पण पेटी घेऊन खाली गेला. नंतर वाटलं, त्याला कॉफी तरी विचारायला हवी होती. कॉफीचा डबा खालच्या कपाटात आहे. हल्ली कंबर धरते, वाकायचं म्हटलं की मी कॉफीच टाळतो.

९ मार्च

नवीन घ्यायचं ठरवलं. त्यासाठी तीनशे लेई आहेत, जास्त नाहीत. बाकीचे तिच्या दगडी क्रॉससाठी, त्यांना हात लावणार नाही.

वायरवालंच घेणार. बॅटरीचं महाग पडतं आणि चार भोकांनंतर वर्षभर पडून राहिलं तर बॅटरी मरते. झाम्फिरा बॅटरीच्या मशीनला खेळणं म्हणायची. तिच्या मशीनची मूळ वायर दोन मीटरची होती. तिने ती कापून पाच मीटरची जोडली, म्हणजे बैठकीतल्या एका प्लगवरून सगळं घर होतं.

११ मार्च

शहराबाहेरच्या मोठ्या दुकानात गेलो. बस बदलून पाऊण तास. तिथे ड्रिलची एक अख्खी भिंत आहे. मी बराच वेळ उभा होतो. सगळ्यांवर वॅट लिहिले आहेत, पाचशे, साडेसहाशे, आठशे पन्नास. जास्त वॅटचं स्वस्त आणि कमी वॅटचं महाग, याचा अर्थ लागेना.

पन्नाशीचा एक विक्रेता आला. भिंत कसली, असं विचारलं. मी म्हटलं, घराची. तो म्हणाला, ते झालं हो, विटेची की काँक्रीटच्या पॅनेलची. मी तिग्लिनात, पॅनेलच्या इमारतींच्या वस्तीत राहतो म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि मला हाताला धरून दोन पावलं उजवीकडे नेलं.

त्याचं म्हणणं असं. दोन जाती आहेत. एकीत बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, किल्लीने आवळतात आणि मशीन नुसतं थरथरतं. विटेला पुरे, पण पॅनेलला त्याने गुदगुल्या होतात. दुसरीत आत दट्ट्या असतो, तो बिटाच्या पाठीवर खरोखर ठोके मारतो. बिटाला खाचा असतात, ते टक्कन बसतं. वॅट बघू नका, एक ठोका किती ज्यूलचा ते बघा. त्या दुकानात मला पूर्ण कळलेला तो पहिला शब्द.

पहिल्या जातीचं एकशे एकोणसत्तर. दुसऱ्या जातीचं तीनशे चाळीसच्या पुढे.

किती भोकं पाडायची आहेत, त्याने विचारलं. मी चार सांगितली.

"चार? त्याला मशीन कोण घेतं, साहेब? शेजाऱ्याचं आणा. शेजारी नाहीत का तुम्हाला?"

मी म्हटलं, आहेत.

मग एकशे एकोणसत्तरवालं घेतलं. त्याने पुन्हा गुदगुल्यांची आठवण करून दिली. मी ऐकलं नाही. मला लवकर बाहेर पडायचं होतं.

१३ मार्च

विक्रेत्याचं बरोबर होतं. तळघरातल्या आमच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांमागे करून पाहिलं. एक सेंटिमीटर आत गेलं आणि थांबलं. मी सगळं वजन टाकलं. बिटाचं टोक निळं पडलं, भिंत तशीच. वर यायला वीस मिनिटं लागली, कंबर.

जिन्यात कॅलिओपीबाई. त्या आमच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर राहतात, एकोणऐंशीच्या आहेत. झाम्फिराचं आणि त्यांचं एकतीस वर्षांचं भांडण होतं. झाम्फिराने ड्रिल चालू केलं की त्या खालून रेडिएटरच्या पाइपवर तीन ठोके मारायच्या, पीठ मळायच्या लाटण्याने. झाम्फिरा पाना घेऊन वरून दोन ठोके द्यायची आणि काम पुढे चालू. समोरासमोर दोघी मानही हलवायच्या नाहीत.

कॅलिओपीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तक्रार केली की हल्ली इमारतीत झोप लागत नाही. मी विचारलं, कोणाचा आवाज होतो का.

"कोणाचाच नाही, मास्तर. तेच तर," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

म्हातारपणी झोप कमी होते, हे खरं आहे.

१५ मार्च

पाऊस. काही नाही.

१७ मार्च

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि दिवसभर तीच डोक्यात आहे.

फुल्यांचं माप घेतलं. खालच्या दोन जमिनीपासून एक मीटर नव्वदवर, वरच्या दोन त्याहून बारा सेंटिमीटर वर. म्हणजे फळी दोन मीटरच्याही वर येणार. झाम्फिराची उंची एक मीटर बावन्न. जुनी फळी एक मीटर साठवर होती. नवीन फळीवरची कपबशी काढायला तिला स्टूल लागलं असतं.

तिचं माप कधी चुकत नसे. तीस मीटर वरून ती पोलादाची लादी बोटभर फरकाने खाली ठेवायची. पण नोव्हेंबरमध्ये औषधं सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, नजरेवर आणि तोलावर परिणाम होईल. तेव्हा हे तसंच झालं असणार. ही तिची एकच चूक, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर आहे.

आता काय करावं. तिच्या फुल्यांवरच भोकं पाडली तर तिची चूक कायमची भिंतीवर राहील. येणारा-जाणारा म्हणेल, एवढी उंच फळी कोणी लावली. जुन्या जागी लावली तर तिच्या उंचीला होईल, जशी एकतीस वर्षं होती. काँक्रीटमध्ये एकदा पाडलेलं भोक परत घेता येत नाही.

हे सगळं घर तिच्या उंचीचं होतं. मी एक मीटर चौऱ्याऐंशी. बाकावरून उठताना त्या फळीवर माझं कपाळ आपटायचं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. नंतर मान आपोआप वाकायला लागली. मी कपाळ चोळत बसलो की ती म्हणायची, "घर माझ्या उंचीचं आहे, तावी. तू वाक."

१८ मार्च

दाढी करताना गाल कापला. वर्षानुवर्षं गुडघे वाकवून आरशात पाहिलं, अजून तसाच वाकतो, आणि आता आरशात माझे केसच दिसतात. आरसा तिने गेल्या शरदात वर घेतला. स्क्रू ढिला झाला होता म्हणाली. बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या दोऱ्याही त्याच सुमारास. त्या सैल पडल्या होत्या. नंतर तिला स्वतःलाच पाटावर चढून कपडे वाळत घालावे लागायचे, आणि चढली की दम लागायचा. मी म्हटलं होतं, परत खाली घे. ऐकलं नाही.

म्हणजे ऑक्टोबरपासूनच तिचा अंदाज बिघडला होता. मला तेव्हा दिसायला हवं होतं. मी रोज घरात होतो.

फळी खाली लावायची, ठरलं. एक मीटर साठ.

२० मार्च

दुकानात पुन्हा. विक्रेत्याने निळं बिट पाहिलं. मशीन बदलून द्यायला तयार झाला, बिटाचे पैसे मात्र कापून. तीनशे चाळीसवालं माझ्या आवाक्याबाहेर आहे, मी सरळ सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि मांडणीवरून एक काढून आणलं. दाखवायला ठेवलेलं, पेटी नाही, बाजूला ओरखडा. साडेसहाशे वॅट, ठोका दोन ज्यूल, वजन अडीच किलो. कंपनीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. दोनशे एकोणनव्वदला देतो म्हणाला, दोन बिटांसकट. वॉरंटी दोन वर्षं तीच.

त्याने ते लावून माझ्या हातात दिलं. दाबायचं नाही, नुसतं धरायचं, काम त्याला करू द्यायचं. आवाज बदलून कुईं करू लागलं तर आत लोखंडाची सळई आहे, थांबायचं आणि बोटभर बाजूला सरकायचं.

मी म्हटलं, सरकता येणार नाही, खुणा केलेल्या आहेत.

"खुणा तुमच्याच ना? पुसा आणि दुसऱ्या करा."

मी पैसे दिले.

बसमध्ये मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईने विचारलं, घर नवीन का. मी हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

२३ मार्च

तीन दिवस मशीन टेबलावर आहे. वायर दोन मीटरचीच आहे, प्लगपर्यंत पोचत नाही. झाम्फिराची जोडवायर सापडली, तिच्यावर चिकटपट्टीने तिचं नाव. ती तिची कारखान्यातली सवय.

खाली एक मीटर साठवर नवीन खुणा करायला पेन्सिल घेतली. एकही फुली ओढली नाही. खालची डावी जवळजवळ गेली आहे.

२५ मार्च

हिंमत करून दोरिनेलला वर बोलावलं. मशीन माझं आहे, तू फक्त फळी समतल धर, असं सांगितलं. पायऱ्या चढून आला तेव्हा हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून आला होता, जसा परीक्षेला यायचा. मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि एवढ्या पैशात चांगलं मिळालं म्हणाला. मी त्याला औषधांचं सांगितलं, चुकलेल्या मापाचं, आणि फळी खाली घ्यायचं ठरवल्याचं.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग कानामागे खाजवलं.

"सर, माप चुकलेलं नाही. ते माझं डोकं आहे."

मला कळलं नाही.

मग त्याने सांगितलं. नोव्हेंबरमध्ये, मी तिची औषधं आणायला यास शहरात गेलो होतो त्या दिवशी, तिने त्याला वर बोलावलं. त्याची आणि माझी उंची एकच आहे, हे तिने हेरलं होतं. त्याला त्या बाकावर बसवलं आणि उठ म्हणाली. परत बस, परत उठ, सरांसारखा उठ, घाईत, पेपर वाचता वाचता. दहा-बारा वेळा. ती स्टुलावर उभी राहून ब्रॅकेट हातात धरून बघत होती, कुठे लागत नाही ते. मग सळई चुकवायला भिंतीवर चुंबक फिरवला. मग फुल्या मारल्या. त्या दिवशी तिच्यात ड्रिल उचलायची ताकद नव्हती. तो म्हणाला, मी पाडून देतो काकू. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात मीच पाडीन. पुढच्या आठवड्यात ती इस्पितळात होती.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस.

"काकूंनी बजावलं होतं. सरांना सांगू नकोस म्हणाल्या. मी कुठेतरी निघालेय असं वाटेल त्यांना."

मी बाकावर बसलो. तो उभाच होता. त्याने विचारलं, आरसा बरा लागतो का; तो वर लावताना त्यानेच धरला होता. मी म्हटलं, बरा लागतो.

आज भोकं पाडणार नाही म्हटलं. तो गेला. या वेळी मी त्याला कॉफी दिली होती, पण ती त्याने प्यायली की नाही आठवत नाही.

२६ मार्च

दोऱ्या. आरसा. फळी. दाराजवळची कोटाची खुंटी. दिव्याची आखूड झालेली दोरी मात्र नाही, ती खरंच तुटली होती.

पाटावर चढून ती माझे शर्ट वाळत घालत होती आणि मी खालून तिला सांगत होतो की दोऱ्या परत खाली घे.

२८ मार्च

सकाळी अकराला भोकं पाडली. दोरिनेल खालून स्टूल धरून होता. मशीन मीच धरलं.

पहिली फुली वरची उजवी. दाबलं नाही, नुसतं धरलं. भिंत हादरली, तोंडात धूळ गेली, आणि बिट लोण्यात जावं तसं नाही पण जात राहिलं. सळई लागली नाही. दुसरंही तसंच. तिसऱ्याच्या वेळी पाइपवर ठोके पडले. तीन.

मी मशीन बंद केलं. गेल्या शरदापासून तो पाइप वाजला नव्हता. दोरिनेल माझ्याकडे बघत होता. मी स्टुलावरून उतरलो, सिंकखालच्या डब्यातून तिचा पाना काढला आणि पाइपवर दोन ठोके दिले. आवाज नीट आला नाही, मी हळू मारले.

खाली शांतता. मग खूप वेळाने एकच ठोका.

चौथी फुली दिसतच नव्हती. पण बाकीच्या तीन होत्या, त्यांवरून ती कुठे असणार ते कळत होतं. दोरिनेलने ब्रॅकेट धरला आणि मी भोक पाडलं.

झाडलोट करताना दाराची घंटा वाजली. कॅलिओपीबाई, हातात लाटणं, तसंच पिठाचं. जिना चढून येतानाही त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं. भांडायला आल्या असं मला वाटलं. त्या आत आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, भिंत पाहिली, मशीन पाहिलं, मग मला पाहिलं.

"मला क्षणभर वाटलं..." म्हणाल्या आणि लाटणं दुसऱ्या हातात घेतलं.

त्यांना बसायला सांगितलं. नको म्हणाल्या. दारातून वळून सांगितलं की दोन ते चार इमारतीची विश्रांतीची वेळ असते, लक्षात ठेवा मास्तर. मी ठेवीन म्हटलं. आणि एवढे हळू ठोके कोणाला ऐकू येतात, असंही म्हणाल्या.

२९ मार्च

दोरिनेलने खाली भोकं पाडायला सुरुवात केली आहे. आवाज ओळखीचा आहे. मशीन बिघडलेलं नव्हतं.

मार्तिशोर महिनाअखेरीला झाडाला बांधतात. खाली अंगणात जर्दाळूचं झाड आहे. उद्या-परवा जाईन.

३१ मार्च

फळीवर कॉफीचा डबा, साखर, तिची तांब्याची छोटी किटली आणि दोन कप ठेवले. हात वर केला की हाताला येतं, वाकावं लागत नाही. स्टूल तळघरात नेऊन ठेवलं.

स्वयंपाकघराच्या शेगडीवर कॉफी केली, चार आठवड्यांनी. बाकावर बसून पेपर वाचत प्यायलो. कप सिंकमध्ये ठेवायला उठलो आणि उठताना मान वाकवली.

वर काही नव्हतं. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. मान परत वाकली.